घरचा सर्व्हर आणि मंडईचा पाहुणा

लहानपणाचं मागे सांगून झालं. तिसरीत मास्तरांनी कानशिलात दिली, मी त्यांची सायकल बोडीत ढकलली, बापानं बैल हाकायच्या तुतारीनं माझी पाठ सोलली आणि शाळा संपली, ते सगळं लिहिलं. लोक म्हणतात, मिशी फुटली की वाढण्याची गोष्ट संपते. मी नाही मानत. माणूस दोनदा वाढतो. एकदा बापाच्या मारानं, आणि एकदा म्हातारपणी, जेव्हा घरातल्या लहानांना समजतं ते त्याला समजत नाही आणि तरी घर त्याच्याच नावानं ओळखलं जातं. माझं दुसरं वाढणं झालं ते घरात सर्व्हर आला त्या वर्षी. त्याच वर्षी माझ्या मुलाचा हात मोडला, माझ्या बरगड्या मोडल्या आणि माझ्या साळ्याचे दात आमच्याच ओसरीत पडले. आमच्या घराण्यात हात आधी चालतो, तोंड मागून. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आणि लाज म्हणूनही नाही. आहे ते आहे.

आमचं घर आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गावाच्या शेवटच्या टोकाला. मागच्या अंगाला बोडी. बोडी म्हणजे घरचा लहान तलाव. माझ्या आज्यानं खोदली, बापानं तिची पाळ उंच केली, आणि तिच्याच पाण्यावर आमचं धान पिकतं. घरात चार माणसं. मी, बायको, मुलगा सुरेश आणि सून वैशाली. बायकोचं नाव मी जन्मात घेतलं नाही, आता लिहायलाही हात धजत नाही. सुरेशची माय म्हणतो. वैशाली जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. फॅक्टरीची बस आणि फॅक्टरीचा भोंगा याच्यावर तिच्या माहेरचं घड्याळ चालायचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं लाखोळीच्या डाळीला नाक मुरडलं. ही डाळ खाऊन पाय लुळे पडतात म्हणे. मी ताटावरून उठलो आणि हात न धुता अंगणातून बोडीपर्यंत पळून दाखवलं. परत आलो तर ती दारात उभी. म्हणाली, "मामाजी, पळता तर येते, पण धापा लागून राहिल्या." तेव्हाच ओळखलं, ही पोरगी ऐकून घेणारी नाही. मला तशीच माणसं आवडतात. भांडायला कोणी नसलं की मला जेवण गोड लागत नाही.

आता साळ्याचं. धनराज हा सुरेशच्या मायचा सगळ्यात लहान भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून आमच्याच घरी वाढला. तांदळाच्या पिठाचे आयते तव्यावरून उतरले की पहिला त्याच्या ताटात पडायचा. माझ्याकडे त्या काळी बिजल्या आणि मोऱ्याची जोडी होती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ती जोडी सुटली की आंबागडपासून आलेले लोक उठून उभे राहायचे. मला माझ्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. बिजल्या-मोऱ्याचा मालक म्हणूनच ओळखत. आणि त्या जोडीवर धुरकरी म्हणून मी धनराजला बसवलं. तो पडला, त्याच्या गुडघ्याचं हाड बाहेर आलं, तरी त्यानं कासरा सोडला नाही. त्या दिवशी मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. हे सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा परका होता. परका नव्हता.

पुढे त्यानं ट्रॅक्टर घेतले आणि नदीची रेती काढायला लागला, परवान्याची आणि बिनपरवान्याची. नदीवरून जवळची वाट आमच्या बोडीच्या पाळीवरून जाते. मी नाही म्हटलं. भरलेला ट्रॅक्टर पाळीवरून गेला की पाळ बसते, पाळ बसली की पाणी जातं. तो हसला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला. धान पोटरीत असताना एका सकाळी पाळ फुटली. बोडीतलं पाणी रस्त्यावर, मासे चिखलात तडफडत होते आणि कुत्रे त्यांना ओढत होते. आमच्याकडे तेव्हा एक कॅमेरा होता, बाजारातल्या दुकानदारानं लावून दिलेला. त्याचं चित्र कुठल्यातरी कंपनीकडे जमा व्हायचं आणि पासवर्ड दुकानदाराकडे. मी त्याला म्हटलं, दाखव कोण गेलं पाळीवरून. तो म्हणाला, काका, त्या दिवशी नेट बंद होतं. त्याच्या मागच्या खुर्चीवर धनराजचा माणूस बसून चहा पीत होता. मी दुकानदाराच्या तोंडात मारली, घरी आलो, कॅमेरा खांबावरून उपटला आणि दगडावर फोडला.

वैशालीनं तुकडे गोळा केले. तिला म्हटलं, आपलं धान आपण दुसऱ्याच्या कोठीत कधी ठेवलं नाही, मग हे काहून ठेवलं? ती म्हणाली, मग आपली कोठी बांधा. त्या दिवशी दुपारी तिनं अंगणात रांगोळीच्या पिठानं सगळं मांडलं. बोडी काढली, घर काढलं, पाळीपासून ओसरीपर्यंत कॅमेरे कुठे लागतील ते काढलं. प्रत्येक कॅमेऱ्यापासून एक वायर घरात येईल, पाटाचं पाणी येतं तशी, आणि धानाच्या खोलीत एका पेटीत जमा होईल. ती पेटी म्हणजे सर्व्हर. सगळं आपल्या भिंतीच्या आत, बाहेरच्या कोणाच्या हातात काही नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर. आणि जे इथं जमा होईल तेच तसंच्या तसं तिच्या बाबांच्या घरी, जवाहरनगरला, दुसऱ्या पेटीत जाईल. आपल्या घराला आग लागली तरी तिथं राहील. मला ते पटलं. बियाणं आपण दोन घरी ठेवतोच.

भांडण झालं ते वायफायवर. तिनं दोन वायफाय केले, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं. मी म्हटलं, आमच्या घरी पाहुण्याची पंगत वेगळी बसत नाही. ती म्हणाली, "मामाजी, पाहुण्याले ओसरीत पाट टाकता का धानाच्या कोठीत नेता?" दोन्ही वायफाय राहिले. मग पासवर्ड. तिनं एक काढला, अक्षरं, आकडे, मधे चिन्हं, कोंबडीनं चिखलात पाय फिरवावे तसा. मी म्हटलं, जी किल्ली मला लक्षात राहत नाही ती माझ्या घराची नाही. वायफायला एक आणि पेटीला दुसरी, असंही मला चालणार नव्हतं. एका घराला एक किल्ली. मी माझा पासवर्ड सांगितला आणि तिनं तोंड वाकडं करून टाकला. सुरेश म्हणाला, बाबाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, मग कोणाला सुचणार आहे. झालं. धानाच्या खोलीत ती पेटी घुर्र घुर्र करायला लागली. सुरेशची माय पहिले काही दिवस तिला धानातलं घुबड म्हणायची. पुढे त्या आवाजाशिवाय तिला दुपारी झोप येईना.

हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान कापायला आलं तेव्हा सुरेशनं बांधलेल्या नव्या पाळीवर ट्रॅक्टर आला. भर दुपार. सुरेश समोर जाऊन उभा राहिला. त्यानं हातात काठीसुद्धा घेतली नव्हती. ट्रॅक्टरवरचे दोघं उतरले. एकानं त्याला मागून धरलं, दुसऱ्यानं त्याचा उजवा हात ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवला आणि फावड्याच्या पाठीनं मारलं. पहिल्या घावात मोडला नाही म्हणून आणखी मारलं. हे मी पाहिलं नाही, मी खळ्यावर होतो. मी आलो तेव्हा तो पाळीखाली पडला होता आणि त्याचा हात कोपराच्या खाली जिथं वळायला नको तिथं वळला होता. त्याला बैलगाडीच्या फळीवर बांधून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत येऊन मी, सुरेशची माय आणि वैशाली पेटीसमोर बसलो आणि मग मी ते पाहिलं. सगळं होतं. दोघांचे चेहरे, फावडा, आणि आंब्याच्या सावलीत उभा राहून तळहातावर तंबाखूचा खर्रा घोटणारा धनराज. त्यानं घोटणं मधे थांबवलं नाही. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. मामा कितीही मोठा असो, तो भाच्याच्या पाया पडतो. मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. सुरेशच्या मायनं एकदाच पाहिलं. भावाची मान तंबाखू घोटताना कशी वाकते ते तिला पाठ होतं. ती उठली आणि चुलीपाशी गेली.

तक्रार दिली. धनराजनं सांगितलं की तो त्या दिवशी तुमसरला होता. ठाण्यातले साहेब म्हणाले, कॅमेऱ्याचं आणून द्या. मी म्हटलं, कोर्टात देईन, माझ्या हातानं, जजसाहेबाच्या हातात. एकदा दुकानदारानं मला शिकवलं होतं, मी पुन्हा शिकणार नव्हतो. सुरेश म्हणाला, बाबा, एक पेन ड्राइव्ह भरून ठेवू. मी तेही करू दिलं नाही. खिशात मावणारी वस्तू खिशातूनच जाते. वैशालीही फार बोलली नाही, कारण जवाहरनगरला दुसरी पेटी होतीच. लोक आजही मला यावरून बोलतात. बोलू द्या. ज्यांच्या घरचं काही चोरीला गेलं नाही त्यांना शहाणपण फार असतं.

दिवाळी झाली आणि गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. इकडचा माणूस दिवाळीला नाही आला तरी चालतं, मंडईला आलाच पाहिजे. चौकात दंडारीच्या खेळाचे ढोल, खेळण्यांची दुकानं, जिलेबीची कढई, आणि घराघरात पाहुणे. त्या दिवशी दारात येईल त्याला पाट आणि हातपाय धुवायला गडवाभर पाणी द्यायचं, तो कोण, कशाला आला, हे विचारायचं नाही. वैर असलं तरी त्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचं. माझ्या बापानं एकदा अशाच मंडईत, ज्यानं त्याच्यावर विळा उचलला होता, त्याला स्वतः वाढलं होतं. सुरेशची माय पहाटेपासून वडे तळत होती, पातोडीचा रस्सा उकळत होता, बोडीत उरलेले मासे काढले होते. सुरेश गळ्यात हात बांधून ओसरीवर बसला होता. आणि दुपारी दारात धनराज उभा राहिला. सोबत शर्ट खोचलेला एक माणूस. नागपूरचा दोस्त म्हणाला.

सुरेशच्या मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं पाट टाकले आणि गडवा भरून ठेवला. धनराज पोटभर जेवला. बहिणीला म्हणाला, वड्याला मीठ बराबर आहे. सुरेशकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. दोस्त थोडंच जेवला, खांबाला टेकून मोबाइल पाहत बसला. मी विचारही केला नाही. मंडईत सगळेच मोबाइल पाहतात. तेवढ्यात वैशाली बेसनाच्या हातानं बाहेर आली, पेटीकडून इशारा येऊन तिचा मोबाइल वाजत होता. तिनं पाहिलं आणि धानाच्या खोलीकडे पळाली. आली तेव्हा तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. मला हळू आवाजात म्हणाली की पेटी रिकामी आहे, पुसलं कोणीतरी, आपलाच पासवर्ड टाकून. मी विचारलं, जवाहरनगरची? तीही रिकामी. इथं पडेल ते तिथं जावं असं तिनं ठरवलं होतं, म्हणून इथून गेलं ते तिथूनही गेलं.

दोस्त उठून चपला घालत होता. धनराज जागचा हलला नाही. गडव्यातलं पाणी तोंडात घेऊन चूळ भरली, अंगणात थुंकला आणि म्हणाला, "भाऊजी, बिजल्या अन् मोरा. दुसरं तुमाले सुचनच काय?"

मी उभा राहिलो. तो बसल्याबसल्याच बोलला, जेवणाची तारीफ करावी तशा आवाजात.

"आता काय दाखवसान कोर्टात? तुमचं पोरगं पाळीवर आडवं आलं, मी सावलीत उभा राहून त्याचा हात तोडवला. फावडाबी माह्याच ट्रॅक्टरचा. आता सांगा कोणाले सांगता ते."

गडवा माझ्या हातात कसा आला ते मला आठवत नाही. पितळेचा, अर्धा भरलेला. तो मी त्याच्या तोंडावर मारला. पाणी आणि रक्त एकदम उडालं. तो मागे भिंतीवर गेला, मी पुन्हा मारला, तेव्हा गडव्याचा काठ चेपला आणि त्याचे दात ओसरीच्या फरशीवर पडले, कोरड्या लाखोळीसारखे खडखडत. त्यानं माझे पाय ओढले. मी पडलो, त्याच्यावरच पडलो, आणि त्याचा तो तंबाखू घोटायचा हात माझ्या गुडघ्याखाली आला. मी गुडघा दाबला. हाड बोललं. दोस्त धावून आला, त्यानं मला बरगड्यांत लाथा घातल्या, मला श्वास घेता येईना पण मी गुडघा उचलला नाही. सुरेश एका हातानं त्या माणसाला भिडला, दोघं वड्यांच्या परातीवर पडले. बाहेर दंडारीचे ढोल चालूच होते. शेजारचे आले तोवर सुरेशची माय आमच्या मधे शिरली होती. माझ्या हाताचा एक फटका तिच्या कानावर बसला. ती रडली नाही. तिनं आधी भावाचं तोंड पदरानं धरलं आणि मग मला म्हणाली, "पाहुण्याले मारलं तुमी. मंडईच्या पाहुण्याले." आजही तिचं तेच म्हणणं आहे आणि माझं तेच उत्तर आहे, की जो पाटावर बसून पोराचा हात तोडल्याचं सांगतो तो पाहुणा राहत नाही. आम्ही दोघं यावर कधी एक झालो नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझ्या बरगड्या बांधल्या. त्याच दवाखान्यात पलीकडच्या खोलीत धनराज. त्यानं माझ्यावर तक्रार दिली, आणि ती खरी होती. सुरेशची केस आता कोरडी झाली होती. ठाण्यात म्हणाले, पुरावा नाही, उलट तुमीच मारहाण केली. मी पलंगावर पडून छताकडे पाहत होतो तेव्हा वैशाली आली. तिनं पेटी पुन्हा तपासली होती. त्या माणसानं जुनं सगळं पुसलं होतं, पण कॅमेरे बंद केले नव्हते. पुसलं त्या क्षणापासून पेटी पुन्हा भरायला लागली होती. ओसरीच्या कॅमेऱ्याला आवाजही ऐकू येतो. तिनं मोबाइल माझ्या कानाला लावला. धनराजचा आवाज, ढोलाच्या मागून पण साफ. मी सावलीत उभा राहून त्याचा हात तोडवला. आणि त्याच्या पाठोपाठ गडवा.

मग पलंगाभोवती वाद झाला. सुरेशच्या मायनं सांगितलं, धनराज बोलला तेवढं कापून द्या, पुढचं पुसून टाका; भाऊ आत जाईल तो जाईल, निदान तुम्ही तरी घरी राहाल. वैशाली म्हणाली, कापता येतं, पण कापलं की ते म्हणतील तुम्ही बनवलं. द्यायचं तर पेटीत आहे तसं सगळं द्यावं लागेल. सगळं दिलं तर पहिलं बेडीत जाणार ते तुम्ही. सुरेश आपल्या प्लास्टरकडे पाहत होता. त्या हातानं तो पुढे कधी विळा धरू शकला नाही, आजही डाव्या हातानं कापतो. मी त्याच्याकडे पाहिलं. अंगावर मार घेताना मला कधी भीती वाटली नव्हती, पण माझं म्हातारं शरीर त्या चित्रात कसं दिसलं असेल याची मला लाज वाटत होती. शंकरपटात लोक उभे राहून ज्याला पाहायचे तो माणूस, तोंडातून फेस, एका पडलेल्याच्या हातावर गुडघा रोवलेला. ते ठाण्यातली पोरं पाहणार होती.

दवाखान्यातून सुटलो तसा घरी गेलो नाही. वैशालीनं पेटीतली डिस्क काढून आणली होती. ती मी माझ्या हातानं ठाण्यात नेली, बंडीच्या आतल्या खिशात, बरगड्यांच्या पट्ट्याला लागून. साहेबांनी ती कॉम्प्युटरला जोडली. दोन शिपाई मागे येऊन उभे राहिले. पहिलं बोलणं दंडारीच्या ढोलात त्यांना नीट ऐकू आलं नाही, साहेबांनी ते पुढे ढकललं, आणि जिथं मी गडवा उगारतो तिथं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आजोबा," ते म्हणाले, "हे तर तुमीच मारून राहिले. हे तुमच्याच इरुद्ध जाईन. समजते का तुमाले?"

"समजते. तो मीच आहो," मी म्हटलं. "आता थोडं मागं घ्या, अन् आवाज वाढवा."